पायांच्या चिखल्या : कारणे, काळजी व उपचार

आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात कोकणातील खाचरांत भातलावणीची घाई सुरू होते आणि पाठोपाठ पूर्व विदर्भातील बांध्यांत रोवणी लागते. चिखलणी करणारे गडी आणि लावणी करणाऱ्या बाया सकाळी पाण्यात उतरतात, त्या सायंकाळीच बाहेर पडतात. आठ-दहा दिवस असे गेले म्हणजे पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी व भुसभुशीत होते, तिला खाज सुटते, पुढे ती सोलून निघते आणि लाल मांस उघडे पडते. हीच चिखल्यांची व्यथा होय. पावसाळ्यात एवढे व्हायचेच, असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची आपल्याकडे रीत पडून गेली आहे. परंतु ऐन लावणीत कामाचा माणूस चार दिवस घरी बसला तर तरवा वयाबाहेर जातो व त्याचा फटका उत्पन्नास बसतो, हे कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको.

चिखल्या केवळ चिखलाने होतात, हा समज अर्धाच खरा आहे. सतत पाण्यात राहिल्याने कातडीचा वरचा थर फुगतो व त्याची राखण करण्याची शक्ती नाहीशी होते. हे पहिले पाऊल. अशा मऊ कातडीत ट्रायकोफायटॉन जातीची बुरशी शिरते; हे दुसरे. कातडीच्या मृत थरातील केराटिन हे या बुरशीचे अन्न आहे. केसांत व नखांतही तेच द्रव्य असते, म्हणून ही बुरशी नखांतही घर करते. पानावर ओल टिकली की करपा झपाट्याने पसरतो, तसाच हा प्रकार समजावा. करंगळी व तिच्या शेजारचे बोट यांमधील बेचके सर्वांत चिंचोळे असून तेथे वारा लागत नाही. त्यामुळे बहुधा आरंभ तेथूनच होतो. जखम ओली राहिली म्हणजे बुरशीच्या जोडीला जंतूही येतात. दुर्गंधी सुटते ती त्यांच्यामुळे.

यावरून मुख्य उपाय कोणता, हे उघड आहे. १९६० नंतरच्या दशकात व्हिएतनामच्या भातखाचरांत वावरणाऱ्या अमेरिकन सैनिकांचे पाय मोठ्या प्रमाणावर बिघडले, तेव्हा तेथील लष्करी डॉक्टरांनी पाय सलग दोन दिवसांहून अधिक काळ ओले राहू न देण्यावर व त्यानंतर ते पुरते सुकू देण्यावर भर दिला. आपल्या मजुराला रात्रीची कोरडी विश्रांती मिळते; तिचा लाभ मात्र घेतला पाहिजे. दुपारच्या भाकरीच्या वेळी पाय स्वच्छ पाण्याने धुऊन, बोटे एकेक करून फडक्याने टिपावीत व अर्धा तास उघडी ठेवावीत. रात्री पुन्हा तसेच करावे. स्त्रियांच्या जोडव्यांखाली ओल दडून राहते. लावणीपुरती ती काढून ठेवता आली तर उत्तम. तसे करणे मनाला पटत नसेल तर निदान सरकवून खालची जागा पुसावी. गमबूट वापरणाऱ्यांनी आत पाणी शिरलेला बूट दिवसभर पायात ठेवू नये. तो अनवाणी पायापेक्षाही अधिक अपाय करतो.

कामावर उतरण्यापूर्वी पायांना कोकमाचे किंवा खोबऱ्याचे तेल चोळण्याची जुनी चाल चांगली आहे, कारण तेलामुळे कातडीत पाणी कमी मुरते. रात्री मेंदी लावण्याचाही प्रघात आहे. तिने थोडा आराम पडतो, पण वाढलेली बुरशी तिने हटेल अशी आशा बाळगू नये. रॉकेल, चुना, बॅटरीतील पाणी असले जालीम पदार्थ लावणारे लोक अजूनही भेटतात; त्यांनी कातडी भाजते व जखम खोल जाते. पिकावर फवारण्याचे बुरशीनाशक तर पायांस कदापि लावू नये. ते पानासाठी आहे, माणसाच्या कातडीसाठी नव्हे.

कातडी फक्त पांढरी पडून खाजत असेल तर क्लोट्रिमाझोल १ टक्का मलम दिवसातून दोनदा, धुऊन कोरड्या केलेल्या बेचक्यांत व सभोवतालच्या बोटभर जागेत पातळ लावावे. चार-पाच दिवसांत खाज थांबते आणि येथेच बहुतेक लोक चुकतात. खाज थांबली तरी बुरशी जिवंत असते. म्हणून कातडी पूर्ववत झाल्यावरही दोन आठवडे मलम चालू ठेवले पाहिजे. व्हिटफिल्डचे जुने मलमही गुणकारी आहे. त्यात ६ टक्के बेंझोइक आम्ल व ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल असते. मात्र सोललेल्या जखमेवर ते झोंबते. जखम पाझरत असेल तर पोटॅशियम परमॅंगनेटचे कण पूर्ण विरघळवून केलेल्या फिकट गुलाबी पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून सुकवावेत. पाण्याचा रंग जांभळा झाला तर ते तीव्र झाले असे समजून ओतून द्यावे.

दुकानातून 'खाजेचे मलम' म्हणून मागितल्यास पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेली नळी हाती येते. तिने एका रात्रीत खाज शमते, म्हणून तिचा लौकिक मोठा. पण स्टेरॉइड कातडीची प्रतिकारशक्ती दडपते व बुरशी आतल्या आत फोफावते. मग तीच जांघेत, कमरेवर नायट्याच्या रूपाने उठते. गेल्या काही वर्षांत देशभर औषधांना दाद न देणारा नायटा पसरला आहे व अशा मलमांचा अविचारी वापर हे त्याचे एक कारण मानले जाते. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन ही नावे नळीवर दिसल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती घेऊ नये. ग्रामसेवकांनी गावातील सभेत रिकामी नळी दाखवून ही नावे वाचून दाखवावीत. तोंडी सांगितलेली नावे लक्षात राहत नाहीत.

चिखल्यांची फुटलेली कातडी म्हणजे उघडे दार होय. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून खाचराच्या पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू याच वाटेने शरीरात शिरतात. लावणीच्या दिवसांत एकाएकी ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना, डोळ्यांत लाली अथवा कावीळ दिसल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि आपण खाचरात काम करीत होतो, हे डॉक्टरांस न विसरता सांगावे. हत्तीपायाच्या रोग्यास बेचक्यातील लहानशी चीरही ताप व सूज आणते, म्हणून त्याने रोज पाय धुऊन तपासावेत. मधुमेह असणाऱ्यांनी घरगुती उपचारात एकही दिवस दवडू नये. लाली घोट्याच्या वर चढू लागली, पू आला किंवा जांघेत अवधाण आले, तर इतरांनीही वेळ लावू नये.

नख पिवळे, जाड व ठिसूळ झाले असेल तर बुरशी त्यात मुरली आहे असे समजावे. ती मलमाने सहसा जात नाही; डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने गोळ्या घ्याव्या लागतात. अशा माणसाचे पाय पुसण्याचे फडके घरातील इतरांनी वापरू नये व ते उन्हात, पावसाळ्यात निदान चुलीजवळ, रोज कडकडीत वाळवावे.