कोमुना १३ : चढावरची वस्ती

कोलंबियातल्या मेडेयीन शहराच्या पश्चिमेला सान हाव्हिएर मेट्रो स्टेशन आहे. तिथून चढ लागतो तो डोंगराच्या माथ्यापर्यंत सुटत नाही. विटांची, पत्र्यांची घरं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली. शहराचे सोळा विभाग, त्यातला हा तेरावा, म्हणून नाव 'कोमुना १३'. खेड्यांतल्या यादवीतून जीव वाचवून आलेली अनेक कुटुंबं या उतारावर जागा धरून राहिली. ना रस्ता, ना नळ. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी जमून पायऱ्या खणायच्या, पाइप टाकायचे आणि मग मोठ्या पातेल्यात शिजलेला सांकोचो, म्हणजे मांस-कंदांचा रस्सा, एकत्र बसून खायचा. याला तिथे 'कोनव्हिते' म्हणतात. आपल्याकडची इर्जिक ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. नियोजन इथे आधीपासून होतंच, फक्त त्याला सरकारी शिक्का नव्हता.

सरकार आलं ते हेलिकॉप्टरमधून. १६ ऑक्टोबर २००२ रोजी 'ऑपरेशन ओरियन' सुरू झालं, हजारावर सैनिक आणि पोलीस वस्तीत घुसले. वस्तीत ठाण मांडलेल्या डाव्या बंडखोरांना हटवलं गेलं आणि त्यांची जागा उजव्या सशस्त्र टोळ्यांनी घेतली. मग माणसं नाहीशी होऊ लागली.

२००४ मध्ये सर्जिओ फाहार्दो हे गणिताचे प्राध्यापक महापौर झाले. शहराच्या विकासनिधीतला काही हिस्सा कुठे खर्च करायचा, हे वस्त्यांच्या सभांनी ठरवावं, अशी पद्धत त्यांच्या काळात सुरू झाली. पालिकेच्या नगरविकास कंपनीचे वास्तुरचनाकार नकाशे गुंडाळून गल्ल्यांतून हिंडू लागले. पाणी कुठे तुंबतं, अंधार कुठे असतो, पोरं खेळतात कुठे, हे रहिवाशांनी दाखवायचं आणि हवं ते कागदावर काढूनही द्यायचं. ईशान्येकडच्या हुआन बोबो नाल्यावर तर काठची घरं उठवून शहराबाहेर न टाकता तिथेच नव्या इमारती बांधून दिल्या. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नावाखाली लोकांना दूरच्या वसाहतीत हलवलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं मोल कळेल.

कोमुना १३ ला २००८ मध्ये केबल कार मिळाली आणि २०११ च्या अखेरीस सरकते जिने. सहा टप्पे, एकूण ३८४ मीटर. गॅसचं सिलिंडर पाठीवर घेऊन साडेतीनशे पायऱ्या चढणाऱ्या माणसाचा दिवसच बदलला. जिन्यांशेजारच्या भिंती वस्तीतल्याच पोरांनी रंगवल्या, रॅप गाणाऱ्या मुलांनी पर्यटकांना फिरवणं सुरू केलं. आता दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मीठ-लिंबू लावलेली कैरीची आइसकांडी धडाक्यात खपते. घरभाडीही चढली. टोळ्या गेलेल्या नाहीत आणि दुकानदारांचा हप्ताही सुटलेला नाही. फोटोत हे येत नाही.

एक मागणी मात्र वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. वस्तीच्या वर 'ला एस्कोम्ब्रेरा' नावाची बांधकामाचा राडारोडा टाकायची जागा आहे. आपली माणसं तिथेच पुरली आहेत, असं बेपत्ता मुलांच्या आया सांगत होत्या. जिना मागितला नसता तरी कदाचित मिळाला असता, पण खोदकाम मागूनही मिळेना. डंपरही थांबेनात. २०१५ मध्ये अखेर खणलं, हाती काही लागलं नाही आणि या बायकांना वेड्यात काढणाऱ्यांना जोर आला. सरकार आणि डाव्या बंडखोरांमधल्या शांतता करारातून जन्मलेल्या विशेष न्यायालयाच्या देखरेखीखाली पुन्हा खोदकाम झालं, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये मानवी अवशेष सापडले.

जानेवारी २०२५ मध्ये तरुणांनी शहरातल्या एका भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, म्हाताऱ्या खरं बोलत होत्या. पालिकेने भिंतीवर करडा रंग फासला. पोरांनी ते पुन्हा लिहिलं आणि पाठोपाठ कोलंबियाच्या इतर शहरांतल्या भिंतींवरही तेच वाक्य उमटलं.