पसरणीच्या घाटात गाडी ओढत नाही : टर्बो बदलण्याआधी काय तपासायचं?

वाईहून निघालं की पसरणीच्या घाटातून साधारण बारा किलोमीटरमध्ये गाडी सातशे मीटरवरून जवळपास तेराशे मीटर उंचीवर, पाचगणीला पोचते. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर ठणठणीत वाटणारी गाडी याच चढावर मान टाकते. मागून धूर येतो, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनही वेग वाढत नाही, मग पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये निदान तयारच असतं : ‘टर्बो गेला.’ नवा टर्बो बसतो, मोठं बिल होतं, आणि पुढच्या खेपेला त्याच वळणावर गाडी पुन्हा बसते. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, असं हे वारंवार होतं. म्हणूनच तपासणीचा क्रम सांगणारा हा लेख.

घाटातच का कळतं?

सपाट रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगानं जाताना इंजिनाला फार ताकद लावावी लागत नाही. टर्बो तेव्हा जेमतेम काम करत असतो, त्यामुळे त्यात बिघाड असला तरी लक्षात येत नाही. घाटात मात्र पाचजण आणि सामान घेऊन गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं ओझ्याखाली असते. हवा कमी पडते, हे तिथंच उघड होतं.

बूस्टला आवरतं कोण?

टर्बोत सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरानं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून, ती थंड करणाऱ्या इंटरकूलरमार्गे इंजिनात ढकलतं. ही जास्तीच्या दाबाची हवा म्हणजे बूस्ट. छोट्या मोटारीत ही चाकं मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांच्या पुढे जातात, म्हणून त्यांना लगाम लागतो. लगाम दोन प्रकारचे. साध्या टर्बोत वेस्टगेट नावाची झडप असते. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की ती उघडते आणि काही धूर चाकाला वळसा घालून निघून जातो. व्हीजीटी टर्बोत धुराच्या वाटेवरची पाती कमी-जास्त वळतात आणि तेवढ्यानंच वेग आवरला जातो.

आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे, हे आधी विचारून घ्या. पुण्याजवळच्या रांजणगावला पूर्वी बनणारं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन घ्या. ७५ हॉर्सपॉवरच्या रूपात त्याला साधा टर्बो होता, ९० हॉर्सपॉवरच्या रूपात व्हीजीटी. इंजिन एकाच घराण्यातलं, पण तपासणी वेगळी. हा फरक न पाहता केलेलं निदान चुकतंच.

उंचीचा हिशोब

हा हिशोब गॅरेजमध्ये सहसा कुणी करत नाही, पण पाचगणीला तो केल्याशिवाय पुढचे आकडे वाचताच येत नाहीत. मुंबईत समुद्रकाठी हवेचा दाब १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. वाईला तो ९३ च्या जवळ येतो आणि पाचगणीला ८७ च्या. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन म्हणूनच इथं सुमारे सातवा हिस्सा ताकद गमावतं. टर्बोवाली गाडी ती तूट बरीचशी भरून काढते, पण त्यासाठी टर्बोला जास्त राबावं लागतं. इंजिनात २०० किलोपास्कल दाब हवा असेल, तर मुंबईत हवा दुप्पट दाबली की भागतं. पाचगणीत ती २.३ पट दाबावी लागते. होज पाइपला बारीक चीर असेल, तर खाली तिची भरपाई होऊन जाते. वर तेवढी सवड उरत नाही.

स्कॅनरवर दिसणारा मॅप सेन्सरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा बहुधा बाहेरच्या हवेसकट असतो. १८० दिसले, तर मुंबईत खरा बूस्ट ७९ आणि पाचगणीत ९३.

यातूनच एक फुकटची तपासणी मिळते. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा आणि मॅप सेन्सरचा आकडा वाचा. इंजिन फिरत नसल्यामुळे तो बाहेरच्या हवेइतकाच असला पाहिजे : वाईत ९३ च्या आसपास, पाचगणीत ८७ च्या. पाचगणीच्या बाजारात उभ्या गाडीचा सेन्सर १०१ दाखवत असेल, तर तो खोटं बोलतो आहे. गाडीचा संगणक या सेन्सरवर विश्वासून बूस्ट कमी करतो आणि दोष मात्र टर्बोच्या माथी येतो.

बॉनेट उघडण्याआधी

चालकाला नीट विचारलं की अर्धं काम होतं. गाडी नेहमीच मंद आहे, की मध्येच एकदम मंद होते? बंद करून पुन्हा चालू केली की सुधारते का? नेहमीची मरगळ असेल, तर गळती किंवा लगामाच्या नळ्यांकडे बघा. गाडी जोरात ओढत असताना अचानक ताकद गेली आणि चावी फिरवल्यावर परत आली, तर संगणकानं इंजिन वाचवायला स्वतःच हात आखडता घेतलेला असतो. याला लिंप मोड म्हणतात. व्हीजीटीची पाती काजळीनं अडकायला लागली की असं होताना दिसतं.

धुराचा रंगही बघा. डिझेल गाडीत दाबाखाली काळा धूर आणि सोबत फुस्स असा आवाज आला, तर दाबलेली हवा वाटेत निसटते आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. आणि इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असं असेल तर टर्बोचा काहीच संबंध नाही, क्लच घसरतो आहे. घाटात बूस्टची आणि क्लचची, या दोन्ही तक्रारी ‘पिकअप नाही’ याच शब्दांत सांगितल्या जातात.

होज पाइप

टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन, ही सगळी वाट हातानं चाचपून बघा. खालच्या बाजूला, जिथं नजर जात नाही तिथं बोटं फिरवा. चीर बऱ्याचदा बंद अवस्थेत दिसतच नाही, दाब आल्यावरच ती तोंड उघडते. चिरेभोवती तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ, ही तिची खूण. पाइपात आतून तेलाचा पातळ थर असतोच, त्याला घाबरायचं कारण नाही. क्लिपा ढिल्या आहेत का, इंटरकूलरच्या प्लॅस्टिक टाकीला तडा आहे का, एअर फिल्टर मातीनं बसला आहे का, हे त्याच वेळी उरकून घ्या. गळती सापडत नसेल, तर धुराचं यंत्र लावणारं गॅरेज शोधा. वाट बंद करून आत धूर सोडला की चीर आपोआप दिसते.

बारीक नळ्या, मोठा गोंधळ

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथं. बोटापेक्षा बारीक रबरी नळ्या टर्बोचा लगाम हलवतात, आणि त्या निसटल्या की दोन प्रकारच्या टर्बोंत अगदी उलट परिणाम होतो. वेस्टगेटच्या साध्या रचनेत नळीतून बूस्टचाच दाब येऊन झडप उघडते. नळी फाटली की झडप उघडतच नाही, बूस्ट नको तितका वाढतो आणि संगणक इंधन तोडतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीत मात्र सहसा ओढ गेली की पाती मोकळी होतात आणि बूस्ट तयारच होत नाही. एकाच जाडीची नळी, पण एका गाडीत बूस्ट जास्त आणि दुसरीत कमी. पावसाळ्यात गाडी महिनाभर शेडमध्ये उभी राहिली की उंदीर या नळ्या हमखास कुरतडतात.

व्हॅक्यूमवाल्या व्हीजीटीची तपासणी डोळ्यांनी करता येते. एकानं टर्बोजवळच्या ताटलीसारख्या अ‍ॅक्च्युएटरच्या दांडीवर टॉर्च धरायचा, दुसऱ्यानं गाडी चालू करायची. बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू होताच दांडी एका झटक्यात आत ओढली जाते आणि बंद केल्यावर परत येते. हललीच नाही, तर नळी काढून हातपंपानं ओढ द्या. हातपंपावर दांडी सरळ, न अडखळता सरकली आणि तिथंच टिकली, तर टर्बोचा लगाम निर्दोष आहे. दोष मागे आहे : नळीत, ओढ कमी-जास्त करणाऱ्या सोलेनॉइडमध्ये किंवा व्हॅक्यूम पंपात. ओढ टिकत नसेल, तर अ‍ॅक्च्युएटरचा पडदा फाटला आहे. ओढ टिकते पण दांडी अडखळते, तर पाती काजळीनं जाम झाली आहेत. सोलेनॉइडचा फिल्टर धुळीनं बुजला, तरी लगाम सुस्त होतो. नव्या गाड्यांत दांडी विजेच्या मोटरनं हलते, तिथं स्कॅनरनंच हुकूम देऊन ती हलवून बघावी लागते.

इथं एक धोका सांगितलाच पाहिजे. बऱ्याच डिझेल गाड्यांत हाच व्हॅक्यूम पंप ब्रेकच्या बूस्टरलाही ओढ पुरवतो. पिकअप गेला आणि ब्रेकचं पॅडलही दगडासारखं कडक लागायला लागलं, तर पाचगणीहून खाली उतरायचं धाडस करू नका. गाडी उभी करा आणि मेकॅनिकला वर बोलवा.

स्कॅनरचं ऐका, पण पूर्ण

पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी, पी०२३४ म्हणजे जास्त. कोड इतकंच सांगतो. कुठला भाग बिघडला, हे तो सांगत नाही, तरीही पी०२९९ दिसताच टर्बोची ऑर्डर दिली जाते. पी००४५ सोलेनॉइडच्या वायरिंगकडे बोट दाखवतो, तिथं आधी प्लग आणि वायर तपासा.

खरी माहिती चालत्या गाडीत मिळते. संगणकानं मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, दोन्ही आकडे एकत्र बघायचे. त्यासाठी घाट नको, वाई ते सुरूर फाटा हा मोकळा पट्टा बरा. गर्दी नसताना, तिसऱ्या गिअरमध्ये, पंधराशे फेऱ्यांपासून पाय पूर्ण दाबून, आणि स्कॅनर शेजारी बसलेल्याच्या हातात. मिळालेला आकडा सुरुवातीपासून मागेच राहिला, तर गळती किंवा ओढ कमी. मागणीच्या वर उसळून मग पडला, तर पाती किंवा वेस्टगेट अडकतंय. दोन्ही आकडे जुळतात आणि तरी गाडी ओढत नाही, तर बूस्टचा पिच्छा सोडा.

उलटही घडतं : बूस्ट कमी दिसतो, पण कारण दुसरीकडेच असतं. इंधनाचा दाब कमी असेल तर धुरात जोर नसतो, मग धडधाकट टर्बोही बूस्ट देऊ शकत नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ गाळणी असते. शाळा, बाजार, हॉटेल अशा छोट्या फेऱ्यांत ती पुरेशी तापत नाही आणि काजळीनं बुजते. बाहेर पडायची वाटच कोंडली की गाडी गुदमरते, आणि त्याचं खापरही टर्बोवरच फुटतं.

टर्बो सगळ्यात शेवटी

एवढं झाल्यावर टर्बोचा पाइप काढा. चाकाची पाती तुटलेली किंवा घरावर घासल्याचे ओरखडे असतील, तर तो गेलाच. दांडा बोटांनी आडवा हलवला तर किंचित हलतो, कारण त्याचं बेअरिंग ऑइलवर तरंगतं आणि ऑइल नसताना ती फट जाणवते. पुढे-मागे मात्र हालचाल जाणवता कामा नये.

बदलायचाच असेल, तर आधीचा का मेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. ऑइल पुरवणारा बारीक पाइप जळक्या ऑइलनं बुजलेला असू शकतो, तो साफ करण्यापेक्षा बदलावा. परतीचा पाइप मोकळा आहे का, हे बघावं. जुन्या पात्यांचे तुकडे इंटरकूलरमध्ये राहिले असतील तर तो उतरवून स्वच्छ करावा, नाहीतर तेच तुकडे इंजिनात जातात. ऑइल आणि फिल्टर नवे घालावेत, आणि इंजिन सुरू करण्याआधी नव्या टर्बोच्या तोंडात थोडं ऑइल सोडावं. घाट चढून आल्यावर दृश्य बघायला गाडी थांबवली, तर चावी काढण्याआधी इंजिन अर्धा-एक मिनिट नुसतं चालू ठेवावं, म्हणजे तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल करपत नाही.