एका वस्तीची माहिती कोठे असते?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी भोपाळला माझ्या मावशीकडे गेलो होतो. शहराच्या दक्षिणेकडील अरेरा कॉलनी नावाच्या प्रशस्त वसाहतीत ती राहते. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना मोठी झाडे, सेक्टरांना ई-१ पासून पुढे क्रमाने दिलेली नावे, आणि 'दस नंबर', 'बारह नंबर' असे केवळ आकड्यांनी ओळखले जाणारे थांबे व बाजार. मावशीचे यजमान नोकरीनिमित्त तेथे गेले आणि तेथेच स्थायिक झाले. घरात अजूनही आमची कोंकणीच चालते. फाटकाबाहेर मात्र मावशी अस्खलित हिंदी बोलते.

एके संध्याकाळी बोलता बोलता १९८४ चा विषय निघाला. त्या वर्षी २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील एका टाकीतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुमारे ४० टन एवढ्या प्रमाणात बाहेर पडला व जुन्या शहरावर पसरला, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. अरेरा कॉलनी त्यातून बहुतांशी वाचली. त्या वेळच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वॉर्ड पुढे 'वायुपीडित' म्हणून जाहीर झाले. मावशी म्हणाली, "आम्ही वाचलो, पण आमच्या शहाणपणामुळे नव्हे. वारा तिकडचा नव्हता, म्हणून वाचलो. आज पुन्हा तसे काही झाले तर कोणत्या बाजूस जावयाचे, हे कोठे लिहून ठेवले आहे, सांग पाहू?"

मला सांगता आले नाही. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

त्या रात्री लोकांना काय ठाऊक नव्हते, ते आधी पाहू. हा वायू हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असल्यामुळे तो जमिनीलगत राहतो. तोंडावर ओले फडके धरल्यास त्याची बाधा कमी होते. आणि वाऱ्याच्या दिशेने धावणे म्हणजे वायूच्या सोबतीने धावणे होय. तीन साध्या गोष्टी! परंतु हजारो माणसे घराबाहेर पडून वायूच्याच वाटेने धावत सुटली. कारखान्याचा सार्वजनिक भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला होता. इस्पितळात रोग्यांची रीघ लागली, तेव्हा कोणत्या विषावर उपचार करावयाचा हेच डॉक्टरांना माहीत नव्हते.

याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, माहिती मुळीच अस्तित्वात नव्हती असे नाही. कंपनीच्या तज्ज्ञांनी १९८२ साली कारखान्याची पाहणी करून त्यातील उणिवा कागदावर मांडल्या होत्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला धोक्याचा इशारा दिला होता. म्हणजे एक कागद कंपनीच्या कपाटात आणि एक इशारा मोजक्या वाचकांच्या साप्ताहिकात. या दोहोंना एकत्र आणून 'तुमच्या घराशेजारी हे आहे' असे सामान्य माणसाला सांगणारी जागा मात्र भोपाळात कोठेच नव्हती.

आता एक आश्चर्याची हकीकत सांगतो. अशी जागा भोपाळच्या दुर्घटनेमुळेच निर्माण झाली. पण ती भोपाळात नव्हे, सातासमुद्रापलीकडे. ऑगस्ट १९८५ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि शंभराहून अधिक लोकांना इस्पितळात न्यावे लागले. मग तेथील लोक खडबडून जागे झाले. ऑक्टोबर १९८६ मध्ये 'वस्तीचा जाणण्याचा हक्क' मान्य करणारा कायदा तेथे झाला. प्रत्येक मोठ्या कारखान्याने ठरावीक विषारी द्रव्यांपैकी कोणते, किती, हवेत, पाण्यात वा जमिनीत सोडले याचा दरसाल हिशेब द्यावा, असे त्याने बंधन घातले. एवढ्यावर न थांबता, हा हिशेब लोकांना दूरसंचाराने जोडलेल्या संगणकावरून पाहता आला पाहिजे असेही त्या कायद्यातच लिहिले गेले. घरोघरी संगणक नसलेल्या त्या काळात ही दूरदृष्टीच म्हणावयाची.

आणि ही माहिती प्रथम कोणाच्या हाती सोपवली गेली? एका ग्रंथालयाच्या! १९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने आपल्या संगणकावर ती सर्वांसाठी खुली केली. ज्यांच्याजवळ संगणक नव्हता त्यांच्यासाठी तीच सूक्ष्मचित्रांच्या रूपाने सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवली गेली. आपल्या गावाचा टपाल क्रमांक सांगावा आणि आपल्या परिसरातील कारखान्यांचा हिशेब पाहावा, इतके ते पुढे सोपे झाले. आकडे उघड होणार या नुसत्या जाणिवेचाही परिणाम झाला. मॉन्सॅन्टो या बड्या कंपनीने हवेत जाणारी विषारी द्रव्ये १९९२ अखेर ९० टक्क्यांनी घटवू, असे १९८८ सालीच जाहीर केले. कोणी खटला भरला नव्हता. केवळ वहीचे पान उघडे पडावयाचे होते.

असल्या व्यवस्थेला आपण 'माहितीचे महाद्वार' म्हणू. तिचे काम नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुष्कळांना वाटते की, संगणकावर माहिती चढवली की काम संपले. तसे नाही. अरेरा कॉलनीचेच उदाहरण घ्या. राज्याच्या हवा-पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय याच वसाहतीत, ई-५ सेक्टरातील 'पर्यावरण परिसर' येथे आहे. हवामानखात्याचे केंद्र जवळच्याच अरेरा टेकडीवर आहे. लोकसंख्या पाहावयाची तर जनगणना खात्याची जिल्हापुस्तिका. नळाच्या पाण्याचे नगरपालिक निगमकडे. यांतील बरेच आज संगणकावर आहे. तरीही मावशीच्या टेबलाशी बसून मी तिच्या घरापुरते सात प्रश्न काढले, तेव्हा मला पाच निरनिराळे पत्ते शोधावे लागले. दोन प्रश्न शेवटपर्यंत अनुत्तरित राहिले, आणि त्या दिवशी पाणी किती वाजता येणार याचे सर्वांत बिनचूक उत्तर दस नंबरच्या बाजारातील फळवाल्याने दिले!

तेव्हा ग्रंथपालाचे पहिले काम म्हणजे हे पाच पत्ते एका दाराशी आणणे. दुसरे काम त्याहून नाजूक आहे. १९८४ साली भोपाळचे वॉर्ड ५६ होते. आज ते ८५ आहेत. सीमा बदलल्या. म्हणून 'वायुपीडित ३६ वॉर्डांत आज आरोग्याची स्थिती कशी आहे?' असे विचारले, तर जुन्या व नव्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. जुन्या कोणत्या वॉर्डाचा कोणता भाग आज कोठे मोडतो, याचा नकाशा कोणीतरी बसून करावा लागतो. तसेच प्रत्येक आकड्याखाली तो कोणी व कधी घेतला हे लिहावे लागते. भोपाळ शहराची लोकसंख्या १७,९८,२१८ हा आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे. तारीख न लिहिता तो छापला तर तो खोटा नसूनही फसवील. आणि तिसरे, ज्याला कोष्टक वाचता येत नाही त्याला ते त्याच्या भाषेत समजावून सांगावयाचे. हे काम कोणत्याही यंत्रापेक्षा सहृदय ग्रंथपालच चांगले करतो, असे माझे मत आहे. अमेरिकेतील चॅटनूगा या शहराने २०१४ साली नगराच्या खुल्या आकडेवारीचे दालन सार्वजनिक ग्रंथालयाकडेच सोपवले, ते मला यासाठीच शहाणपणाचे वाटते.

आपल्या देशात काही झालेच नाही, असे कोणी समजू नये. कारखान्यांच्या कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्याने आसपासच्या लोकांनाही माहिती देणे आवश्यक ठरले. माहितीचा अधिकार देणारा कायदा गोव्याने १९९७ सालीच केला, याचा मला आमच्या भूमीपुरता थोडा अभिमान आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमाने तर कोणी मागण्याची वाट न पाहता कार्यालयांनी आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी, असे सांगितले आहे. राजस्थानने २०१९ साली 'जन सूचना' नावाचे दालन उघडून ग्रामपंचायत व वॉर्ड यांच्या पातळीवरील माहिती अर्जाविना पाहण्याची सोय केली.

ग्रंथालयांचीही वाण नाही. पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय १८३२ सालचे. आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते. भोपाळात तर माधवराव सप्रे यांच्या नावाचे वृत्तपत्र-संग्रहालय आहे. 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे ते हेच सप्रे. योगायोग असा की, त्या संग्रहालयाची स्थापना १९८४ सालचीच. गावाने स्वतःविषयी छापलेले सारे जपून ठेवणाऱ्या अशा संस्था असताना आजच्या हवेचा आकडा आणि कालचे वर्तमानपत्र एकाच दाराने का दाखवू नयेत?

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १ जानेवारी २०२५ च्या रात्री त्या बंद कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा बारा वाहनांतून भोपाळहून सुमारे २५० किलोमीटर दूर असलेल्या पीथमपूरला नेण्यात आला. दोनच दिवसांत तेथे मोठा क्षोभ उसळला. यात काय आहे, जाळल्यावर धुरातून काय निघेल, राख कोठे पुरणार, असे लोकांचे प्रश्न होते. अफवांचे पीक आले आणि उच्च न्यायालयाने शासनास सहा आठवड्यांची मुदत दिली. पुढे चाचण्या होऊन जूनअखेर तो कचरा जाळण्यात आला. चाळीस वर्षांनंतरही आधी वाहने पोचली आणि उत्तरे मागाहून निघाली.

निघताना मावशीला म्हटले, तुझ्या प्रश्नाचे उत्तर काही मिळाले नाही. ती कोंकणीत म्हणाली, "आदीं वारें पळय." मराठी वाचकाला हे 'पळ' असे ऐकू येईल, पण आमच्या बोलीत 'पळय' म्हणजे 'पाहा'. आधी वारा पाहा, मग पाय उचल.

शाळा सुरू झाल्यावर मी हाच प्रश्न आपल्या नववीच्या वर्गाला घातला. आपल्या बंदरावर बर्फाचे कारखाने आहेत व त्यांत अमोनिया वापरतात, हे निम्म्या वर्गाला ठाऊक होते. तो किती असतो, हे कोणालाच नव्हते. चार मुले एका कारखान्याच्या मालकांकडे गेली. त्यांनी मुलांना बसवून घेतले, टाकी दाखवली, गळती झाल्यास पाण्याचा फवारा कसा मारतात ते सांगितले आणि मुलांनी ते सारे तारखेसह वहीत उतरवले. दुसऱ्या गटाने पावसाळ्यात व हिवाळ्यात सकाळचा आणि रात्रीचा वारा कोणत्या दिशेने वाहतो, हे मच्छीमारांकडून विचारून आणले. ती वही सध्या गावच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवली आहे. संगणकावर ती अजून चढलेली नाही. पण मागच्या आठवड्यात पाहिले, तर कोणीतरी पेन्सिलीने वाऱ्याच्या दिशेत एक दुरुस्ती करून खाली तारीख घातली होती.