चित्रांतले मेलेले मोर

वसमत तालुक्यांतील आमच्या कुरुंद्याला मोर हा पक्षी नवा नाहीं. सरस्वतीचें वाहन म्हणून लहान मुलेंहि त्याला ओळखतात. १९६३ पासून तर तो आपला राष्ट्रीय पक्षीच आहे. असा मोर मारून दिवाणखान्यांत टांगण्याची कल्पनाहि आमच्या वाचकभगिनींना असह्य वाटेल.

परंतु हॉलंडांत, अॅम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयांत, सुप्रसिद्ध चित्रकार रेम्ब्रांट याचें सुमारें १६३९ सालचें एक मोठें चित्र आहे. त्यांत एक मेलेला मोर पाय बांधून उलटा टांगलेला असून त्याचा एक पंख पसरलेला आहे. दुसरा खालीं उताणा पडला आहे आणि त्याच्याजवळ रक्ताचें थारोळें सांचलें आहे. मागच्या खिडकींतून एक मुलगी तें सारें पाहत आहे.

सतराव्या शतकांत त्या प्रदेशीं मृत शिकारीचीं अशीं चित्रें फार खपत. याचें कारण मोठें मौजेचें आहे. शिकारीचा हक्क तेथें मुख्यतः सरदार-जमीनदारांकडे असे. व्यापारानें गबर झालेल्या शहरी गृहस्थाला तो सहसा लाभत नसे. तेव्हां बंदूक हातीं न धरतां सरदारी थाट घरीं आणावयाचा, तर चित्र विकत घ्यावें! (बाजारांतून सांबराचीं शिंगें आणून भिंतीवर ठोकणारे आमच्याकडेहि थोडे नव्हते.) मोर तेथें खाल्लाहि जाई, आणि मेजवानींत त्याच्या मांसाच्या पदार्थावर त्याचेंच डोकें, पंख व पिसारा खोवून तो मिरवीत आणला जाई.

आपल्याकडे १६१२ सालीं गोव्याहून जहांगीर बादशहाकडे टर्की नांवाचा अपरिचित पक्षी आला. बादशहा स्वतः हाडाचा शिकारी; तरीहि त्यानें चित्र काढविलें तें जिवंत पक्ष्याचें. मन्सूरच्या नांवावर असलेलें तसें चित्र आज लंडनला आहे. त्यांतील पक्षी कसा ऐटींत उभा आहे!

म्हणून डच चित्रें सरसकट त्याज्य, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. यान वेनिक्सचे मृत हंस व ससे पाहावेत. पिसांची व लोकरीची मऊ झळाळी अशी, कीं हात लावावासा वाटतो. पण तेथें मरण बहुधा निजल्यासारखें दिसतें. रेम्ब्रांटनें रक्त झांकलें नाहीं, आणि पाहणारें एक लेकरूंहि समोर उभें केलें.

शाकाहारी घरांतील मुलांना हें चित्र दाखवावें काय? आम्ही दाखवूं. त्यांचें बोट प्रथम त्या मुलीकडेच जाईल, आणि ती रडत कां नाहीं, असें तीं विचारतील.