कोल्हापूर–मिरज–सांगली लोकल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूर, सांगली-मिरज-कुपवाड आणि इचलकरंजी ही तीन मोठी शहरे दक्षिण महाराष्ट्राच्या एका लहानशा टापूत एकमेकांजवळ वसलेली आहेत, आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे सुमारे साडेपाच लाख, पाच लाख आणि पावणेतीन लाखांच्या पुढे होती. कोल्हापूर संस्थानाच्या पुढाकाराने १८९१ मध्ये सुरू झालेला मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि आता त्याचे विद्युतीकरणही झाले आहे. कोल्हापूर आणि मिरज-सांगली यांच्यादरम्यान मुंबईसारखी लोकल धावावी, ही मागणी अशा परिस्थितीत अगदी स्वाभाविक आहे आणि ती मनापासून उचलून धरण्याजोगीही आहे. मात्र तिच्या समर्थनार्थ मांडले जाणारे अनेक युक्तिवाद चुकीच्या गृहीतकांवर उभे असल्यामुळे मागणीचेच नुकसान होते. कोणत्याही रेल्वेसेवेची व्यवहार्यता म्हणजे ती सेवा किती वारंवारितेने, किती खर्चात, कोणत्या प्रवाशांसाठी आणि कोणाच्या पैशाने चालवता येईल, या चार प्रश्नांची एकत्रित उत्तरे होत; त्यांपैकी एकाचेच उत्तर हाती असताना मागणी सिद्ध झाल्याचे मानले, तर ती कागदावरच राहते.

पहिला गैरसमज लोकसंख्येविषयीचा आहे. दोन्ही टोकांच्या लोकसंख्येची बेरीज मोठी असली म्हणजे प्रवासी आपोआप मिळतील असे मानले जाते. प्रत्यक्षात लोहमार्गाला उपयोगी पडणारा आकडा असतो तो रोज एका ठरावीक ठिकाणाहून दुसऱ्या ठरावीक ठिकाणी ये-जा करणाऱ्यांचा, आणि त्यातही ज्यांची ही दोन्ही ठिकाणे स्थानकाच्या आवाक्यात आहेत अशांचा. वाहतूक-नियोजनात या मांडणीला उगम-गंतव्य सारणी म्हणतात, म्हणजे कोणत्या भागातून कोणत्या भागात, कोणत्या वेळी, किती माणसे जातात याचा तक्ता. या टापूसाठी असा तक्ता मांडला, तर काही जोड्या लोहमार्गाला अनुकूल दिसतात. जयसिंगपूर आणि हातकणंगले ही स्थानके थेट मार्गावर आहेत, कोल्हापूरचे स्थानक मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मिरजेत दवाखान्यांसाठी लांबून माणसे येतात, आणि सांगली–मिरज दरम्यानचे विश्रामबाग स्थानक महाविद्यालयांच्या परिसरात असल्याने विद्यार्थ्यांना सोयीचे आहे. याउलट गोकुळ शिरगाव, कागल आणि शिरोली या औद्योगिक वसाहती महामार्गाच्या अंगाने वाढल्या आहेत, आणि यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असलेल्या इचलकरंजीला तर स्थानकच नाही. शिफ्टला जाणारा कामगार कोल्हापूर स्थानकात उतरून पुन्हा बस किंवा वडाप (शेअर जीप) शोधणार असेल, तर त्याची दुचाकी घरी राहील अशी अपेक्षा धरता येत नाही.

याच ओघात सर्वेक्षणाविषयीची एक चूक नोंदवणे आवश्यक आहे. ‘लोकल सुरू झाल्यास वापराल का?’ असे विचारले असता बहुतेकजण होकार देतात, कारण होकार देण्यास काहीच खर्च येत नाही; म्हणून अभ्यासकाने भाडे, वेळ, थांबे आणि पुढील बसची सोय यांचे वेगवेगळे मेळ समोर ठेवून निवड करायला सांगायचे असते आणि त्याच्या जोडीला एसटीच्या तिकीट यंत्रांत साठणारी प्रत्यक्ष नोंद तपासायची असते. ही सावधगिरी किती आवश्यक आहे हे बेंट फ्लिवबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १४ देशांतील २१० वाहतूक प्रकल्पांच्या अभ्यासातून दिसते. त्यातील दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवासीसंख्येचा अंदाज फुगवलेला होता आणि सरासरी फुगवटा १०६ टक्क्यांचा, म्हणजे अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक होता.

‘रूळ आहेत, वीज आहे, आता फक्त गाड्या सोडायच्या’ हा गैरसमज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. मिरज–कोल्हापूर हा सुमारे ४८ किलोमीटरचा मार्ग एकेरी आहे, म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांसाठी रुळांची एकच जोडी आहे. दोन स्थानकांमधील पट्ट्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात आणि सर्वसाधारण पद्धतीत एका वेळी त्यात एकच गाडी असू शकते; समोरून दुसरी येत असेल, तर पहिलीला अलीकडच्या स्थानकात बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाइनवर, थांबून ती जाईपर्यंत वाट पाहावी लागते. प्रवाशांच्या बोलीत ‘गाडी क्रॉसिंगला थांबली’ म्हणतात ते हेच.

अशा मार्गाची क्षमता काढण्यासाठी भारतीय रेल्वेत स्कॉटचे सूत्र वापरतात आणि ते समजण्यास मुळीच अवघड नाही. दिवसातील १,४४० मिनिटांना, सर्वांत अडचणीच्या ब्लॉक सेक्शनमधून गाडी जाण्यास लागणारा वेळ अधिक सिग्नल आणि ब्लॉकच्या कामकाजाचा वेळ यांच्या बेरजेने भागायचे, आणि येणाऱ्या उत्तराचे ७० टक्केच धरायचे, कारण देखभाल, उशीर आणि अनियमितता यांसाठी उरलेला वाटा राखून ठेवावा लागतो. उदाहरणादाखल, अडचणीच्या पट्ट्यातून जाण्यास १२ मिनिटे आणि कामकाजास ५ मिनिटे लागतात असे मानले, तर १,४४० भागिले १७ म्हणजे सुमारे ८५, आणि त्याचे ७० टक्के म्हणजे दोन्ही दिशांच्या मिळून दिवसाला ५९ गाड्या. आता पहाटे पाच ते रात्री नऊ या १६ तासांत दर अर्ध्या तासाने लोकल सोडायची म्हटली, तर दोन्ही दिशांच्या मिळून ६४ फेऱ्या होतात. एकही एक्सप्रेस वा मालगाडी न धरता क्षमता तेथेच संपते. दर तासाला एक गाडी सोडली, तर ३२ फेऱ्या होतात आणि इतर गाड्यांसाठी २७ जागा उरतात. हे आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी घेतलेले आहेत, तरी त्यांतून निघणारा बोध पक्का आहे: साऱ्या मार्गाची क्षमता सर्वांत लांब किंवा सर्वांत संथ अशा एकाच पट्ट्यावर ठरते, त्यामुळे इतरत्र कितीही सुधारणा केल्या तरी तो एक पट्टा दोन भागांत तोडला नाही तर आकडा हलत नाही.

क्षमतेचा आकडा पुरेसा असला तरी वेळापत्रक जमेलच असे नाही, हे त्यापुढचे सत्य आहे. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन्ही दिशांनी गाड्या सुटू लागल्या की प्रत्येक गाडीला दर पंधरा मिनिटांनी समोरची गाडी भेटते, आणि ही भेट स्थानकात, लूप असलेल्या जागीच व्हावी लागते. म्हणून स्थानकांमधील अंतरे वेळापत्रकाशी जुळणारी नसतील, तर एका गाडीला प्रत्येक वेळी काही मिनिटे फुकट उभे राहावे लागते. शिवाय मुंबईहून येणारी एखादी एक्सप्रेस उशिरा मिरजेत पोहोचली, की तिला वाट देण्यासाठी लोकल मागे पडते, तिच्यामुळे समोरची मागे पडते आणि सकाळी आठचा उशीर अकरापर्यंत पुसला जात नाही. रोज कामावर जाणाऱ्याला पाच मिनिटे अधिक लागलेली चालतात, पण केव्हा पोहोचू याची खात्री नसलेली चालत नाही, आणि व्यवहार्यता अहवालांत या खात्रीला फार कमी जागा मिळते ही खरोखर चिंतेची बाब आहे.

या मार्गावर आणखी एक स्थानिक गुंता आहे. कोल्हापूरहून येणारा आणि सांगलीहून येणारा असे दोन्ही मार्ग मिरज जंक्शनमध्ये पश्चिमेकडूनच शिरतात, त्यामुळे कोल्हापूरहून सांगलीला जाणाऱ्या गाडीला मिरजेत दिशा उलटवावी लागते. इंजिन जोडलेल्या गाडीत त्यासाठी इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावावे लागते. मेमू, म्हणजे वेगळे इंजिन नसलेल्या विजेवरील गाडीत, दोन्ही टोकांना चालककक्ष असल्याने हे काम चालकाने टोक बदलण्यावर भागते. तरीही तेवढा वेळ जंक्शनचा एक फलाट अडून राहतो. जयसिंगपूरहून सांगलीला जाणारा प्रवासी रस्त्याने अंकलीच्या पुलावरून थेट जातो, तर रेल्वेने तो आधी सांगली ओलांडून पूर्वेला मिरजेत आणि तेथून परत मागे येतो. म्हणून ‘कोल्हापूर–सांगली लोकल’ असे नाव असलेल्या सेवेचा खरा कणा कोल्हापूर–मिरज हा असेल, आणि सांगलीच्या प्रवाशांचा अंदाज वेगळा, अधिक काटकसरीने बांधावा लागेल.

वेग वाढवला की प्रश्न सुटेल, अशीही समजूत आहे. सहा किलोमीटरचे अंतर ताशी १०० किलोमीटर वेगाने ३ मिनिटे ३६ सेकंदांत आणि ताशी १३० ने सुमारे २ मिनिटे ४६ सेकंदांत कापले जाते, म्हणजे कागदावरची बचत ५० सेकंदांची. त्यातही गाडीला वेग घेण्यास आणि थांबण्यास अधिक अंतर लागत असल्यामुळे प्रत्यक्षातील बचत त्याहून कमी. थांबे जवळजवळ असलेल्या सेवेत महत्त्व असते ते चटकन वेग घेणाऱ्या गाडीला, रुंद दारांना आणि फलाटाची उंची डब्याच्या उंबऱ्याशी जुळण्याला. अशी वाचवलेली मिनिटे केवळ प्रवाशाच्याच नव्हे, तर गाड्यांच्या हिशेबातही जमा होतात: एका दिशेचा प्रवास ७५ मिनिटांचा आणि टोकावरचा थांबा १५ मिनिटांचा धरला, तर पूर्ण फेरी १८० मिनिटांची होते आणि अर्ध्या तासाच्या सेवेला सहा गाड्या लागतात, प्रवास तासाभरावर आणला, तर फेरी १५० मिनिटांची होऊन पाच गाड्यांत तेच काम होते. एका संपूर्ण गाडीचा खर्च, तिची देखभाल आणि तिचे कर्मचारी वाचतात.

रेल्वे स्वस्त असल्यामुळे एसटीचे प्रवासी आपसूक वळतील, हे गृहीतकही आज पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, आणि विद्यार्थ्यांसाठी पासच्या सवलती आहेत. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. रेल्वेचा मासिक पास स्वस्तच आहे. पण कुटुंबातील कोण प्रवास करणार यावर तुलना बदलते, आणि कोल्हापूर–सांगली विनाथांबा एसटी जेथे सोडते तेथून कामाचे ठिकाण जवळ असेल, तर भाड्यातील फरक निर्णायक ठरत नाही.

तिकिटातून खर्च निघाला नाही तर प्रकल्प अव्यवहार्य, हा गैरसमज विरोधकांच्या बाजूचा आहे आणि तितकाच घातक आहे. भारतीय रेल्वेत प्रवाशाच्या तिकिटातून प्रवासाचा पूर्ण खर्च वसूल होतच नाही. २०२२-२३ च्या अधिकृत हिशेबानुसार सरासरी १०० रुपयांच्या प्रवासखर्चामागे प्रवाशाकडून ५४ रुपयेच घेतले गेले. मूल्यमापनाच्या दोन कसोट्या येथे वेगळ्या ठेवाव्या लागतात. वित्तीय परतावा म्हणजे सेवा चालवणाऱ्या संस्थेच्या तिजोरीत येणारा पैसा, आणि आर्थिक परतावा म्हणजे वाचलेला वेळ, टळलेले अपघात, कमी जळलेले इंधन अशा समाजाला मिळणाऱ्या लाभांचे पैशांतील मोल. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने प्रकल्पाच्या मंजुरीसाठी ८ टक्के वित्तीय परताव्याऐवजी १४ टक्के आर्थिक परताव्याची कसोटी स्वीकारली, ती याच विचाराने. तोट्याचा प्रश्न त्यामुळे नाहीसा होत नाही. तो ‘तोटा कोण भरणार’ या नेमक्या रूपात समोर येतो. मुंबईतील उपनगरी प्रकल्पांसाठी १९९९ मध्ये रेल्वे आणि राज्य शासन यांनी मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन केले आणि खर्चाची वाटणी ठरवली. कोल्हापूर–सांगलीच्या मागणीत अशा वाटणीचा प्रस्ताव सहसा नसतो, आणि केवळ रेल्वे मंत्रालयाला दिलेल्या निवेदनांतून तो निर्माणही होत नाही.

दिल्ली–मेरठ जलद प्रादेशिक रेल्वेचे उदाहरण वारंवार दिले जाते, पण ते येथे लागू पडत नाही. ८२ किलोमीटरचा तो मार्ग पूर्णपणे नवा, स्वतंत्र आणि दुहेरी आहे, त्याचा मंजूर खर्च ३०,२७४ कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ३७० कोटी होता, आणि त्याच्या एका टोकाला देशाची राजधानी आहे. त्याच्याशी तुलना करून मिरज–कोल्हापूरला नवा उन्नत मार्ग मागणे म्हणजे जे आज शक्य आहे तेही लांबणीवर टाकणे होय.

आज शक्य आहे ते असे: सध्याच्या पॅसेंजर गाड्यांच्या विखुरलेल्या वेळांऐवजी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत ठरावीक मिनिटाला सुटणारी, मिरजेत उलटणारी मेमू सेवा, हातकणंगल्याला इचलकरंजीच्या बसशी बांधलेली वेळ, आणि सर्वांत लांब ब्लॉक सेक्शन तोडण्यासाठी एखादे नवे क्रॉसिंग स्थानक. तासाला एक गाडी वर्षभर वेळेवर धावली, तर पुढील दुहेरीकरणाच्या मागणीला प्रत्यक्ष प्रवासीसंख्येचा आधार मिळतो. दुहेरीकरणाचा विचार करताना मात्र पंचगंगा आणि कृष्णा या दोन नद्यांवरचे नवे पूल हा खर्चाचा सर्वांत जड भाग ठरेल, आणि २०१९ च्या महापुरात रस्त्यांबरोबरच या मार्गावरील रेल्वे वाहतूकही थांबली होती, हे लक्षात घेता त्या पुलांची उंची आणि पाणी वाहून जाण्यासाठीच्या मोऱ्या यांचा हिशेब किलोमीटरमागच्या सरासरी दरात न मिसळता स्वतंत्रपणे मांडला जाणे अत्यावश्यक आहे.