जर्बर फाइल: रेघ कोणाची, तांबं कोणाचं?

सर्किट बोर्डाचं डिझाइन पूर्ण झालं की कारखान्याकडे जाते ती बहुतेक वेळा जर्बर फाइल. व्हिएन्नात १९२४ साली जन्मलेले जोसेफ जर्बर १९४० मध्ये अमेरिकेत आले. कनेक्टिकटमधल्या त्यांच्या कंपनीने फिल्मवर प्रकाशाने रेघा उमटवणारे फोटोप्लॉटर बनवले आणि त्या यंत्रांची भाषा साऱ्या उद्योगाची झाली. जुन्या जर्बरमध्ये रेघेची जाडीसुद्धा नसे. ती वेगळ्या यादीत येई. आता जाडी फाइलमध्येच असते, पण ती रेघ कशासाठी आहे हे अनेकदा लिहिलेलं नसतं. डिझाइनर आणि कारखाना यांच्यातले बरेच वाद तिथूनच सुरू होतात.

माझ्या मते वाटणी स्पष्ट आहे. तयार बोर्ड कसा हवा हे डिझाइनरने सांगायचं. तो तसा उतरावा म्हणून प्रक्रियेत काय कमी-जास्त करायचं हे कारखान्याने ठरवायचं. एचिंगमध्ये, म्हणजे नको असलेलं तांबं रसायनाने काढताना, ते वरून जातं तसं कडेनेही जातं, म्हणून ०.१५ मिमीचा ट्रॅक कारखान्यातला कॅम इंजिनिअर, म्हणजे फाइल उत्पादनासाठी तयार करणारा, फिल्मवर किंचित रुंद करतो. शिंपी शिलाईपुरतं कापड सोडणारच असतो. गिऱ्हाइकाने मापही वाढवून दिलं तर सदरा ढगळ होतो.

भोकांचं गणित मात्र दोघांनाही यायला हवं. तयार भोक ०.३ मिमीचं हवं असेल, तर आतल्या तांब्याच्या थरासाठी कारखाना सुमारे ०.४ मिमीचं ड्रिल वापरतो. भोकाभोवतीचा तांब्याचा पॅड ०.६ मिमीचा असेल तर प्रत्येक बाजूला ०.१ मिमी तांबं उरतं, आणि ड्रिल तेवढं सरकलं की भोक पॅडच्या कडेला भिडतं. बोर्डांचा दर्जा ठरवणाऱ्या आयपीसी-६०१२ मानकाच्या दुसऱ्या श्रेणीत भोकाच्या परिघाचा ९० अंशांपर्यंतचा भाग पॅडबाहेर गेलेला चालतो. तिसरीत बाहेरच्या थरावर किमान ५० मायक्रॉनचं कडं शाबूत लागतं. बोर्ड खेळण्यात बसणार की व्हेंटिलेटरमध्ये, हे ड्रिल चालवणाऱ्याला कसं कळणार? श्रेणी डिझाइनरनेच लिहायला हवी.

इंपिडन्सची, म्हणजे ट्रॅक सिग्नलला करतो त्या विरोधाची, वाटणीही तशीच. डिझाइनरने ५० ओहम मागावेत, आणि त्यासाठी ट्रॅकची रुंदी थोडी बदलायची मोकळीक कारखान्याला द्यावी. इंपिडन्स थरांमधल्या अंतरावरही ठरतो, आणि दाबल्यावर थरांमधलं प्रीप्रेग (राळेत भिजवलेलं काचकापड) किती जाड उरतं ते कारखान्याला ठाऊक असतं.

मला सर्वांत जास्त खटकतो तो न विचारता केलेला बदल. दोन बारीक पॅडमधली सोल्डर मास्कची, म्हणजे सोल्डर पसरू न देणाऱ्या लेपाची, पट्टी टिकणार नाही असं दिसलं की काही कारखाने ती परस्पर काढून टाकतात. बोर्ड तपासणीत पास होतो; मग असेंब्लीत दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल तयार होतो आणि तिथला माणूस कारण शोधत बसतो. ट्रॅक रुंद करून तांब्याची भरपाई करणं हा कारखान्याचा अधिकार आहे. ही पट्टी काढणं नाही. त्यासाठी ऑर्डर थांबवून प्रश्न पाठवलाच पाहिजे, आणि डिझाइनरने त्याला त्याच दिवशी उत्तर द्यायला हवं.

२०१४ मध्ये आलेल्या जर्बर एक्स-टू या आवृत्तीत हा पॅड व्हायाचा (थर जोडणाऱ्या भोकाचा) आणि तो घटकाचा, असं फाइलमध्येच नोंदवता येतं. डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये बहुधा त्यासाठी एक खूण करायची असते. ती करावी, आणि नोट्समध्ये श्रेणी, तांब्याची जाडी, इंपिडन्सचे थर आणि विचारल्याशिवाय हात लावू नये अशा जागा लिहाव्यात.