कथेचा पुरस्कार आणि पुरस्काराची पत

हुंडीचा कागद कितीही उंची असला, तरी ती वटते सही करणाऱ्या पेढीच्या नावावर. साहित्य पुरस्कारांचेही असेच आहे. रक्कम किती, यापेक्षा तो कोणी, कोणत्या नियमाने आणि कोणत्या पुस्तकाला दिला, यावर त्याची पत ठरते. कथाकाराला या पतीची गरज सर्वांत अधिक असते.

मराठी कथा बहुधा प्रथम दिवाळी अंकात छापली जाते. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. पण सण सरतो, अंक रद्दीत जातो आणि कथाही त्याबरोबर विस्मरणात जाते. दहा-बारा कथांचे पुस्तक झाले, तरी वाचकाचा हात आधी कादंबरीकडे वळतो. अशा पुस्तकाला पुरस्कार मिळाला, तर ते पुन्हा वाचकांच्या नजरेत येते.

साहित्य अकादेमीचा पुरस्कार एक लाख रुपये आणि ताम्रपट असा आहे. २०१२ ते २०२१ या दहा वर्षांत मराठीसाठी तो तीन कथासंग्रहांना मिळाला : जयंत पवार यांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (२०१२), आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ (२०१६) आणि किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ (२०२१). मुंबईच्या गिरणगावातील उद्ध्वस्त कामगार किंवा मराठवाड्यातील शेतकरी या पुरस्कारांमुळे दूरच्या वाचकांपर्यंत पोहोचले.

पुरस्काराची पत लेखकही राखू शकतो. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी यांना ‘काजळमाया’साठी १९७३ चा अकादेमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशन-तारखेवरून ते नियमात बसते की नाही, असा वाद निघाला, तेव्हा जीएंनी पुरस्कार परत केला. कथांच्या गुणवत्तेविषयी प्रश्न नव्हता. प्रश्न नोंदीतील तारखेचा होता. हिशेबात संशय राहू नये, ही त्यांची वृत्ती व्यापारी घराण्यांना सहज उमजावी.

दात्याचे कर्तव्य काय, याचेही उदाहरण समोर आहे. साहू शांतिप्रसाद जैन आणि रमा जैन यांनी १९४४ मध्ये भारतीय ज्ञानपीठाची स्थापना केली. त्याचा पहिला पुरस्कार १९६५ साठी मल्याळी कवी जी. शंकर कुरुप यांना मिळाला. धन एका उद्योगी घराण्याचे. निवड मात्र भाषावार समित्या आणि प्रवर परिषद यांच्याकडे. या विभागणीने पुरस्काराला प्रतिष्ठा दिली. तरीही कथेची उपेक्षा येथेही जाणवते. वि. स. खांडेकरांनी विपुल कथा लिहिल्या. त्यांच्या १९७४ च्या ज्ञानपीठाशी नाव जोडले गेले ते ‘ययाति’ या कादंबरीचे.

अलीकडे एक आशादायक घटना घडली. कर्नाटकातील हसनच्या वकील-लेखिका बानू मुश्ताक यांच्या बारा कन्नड कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ या अनुवादित संग्रहाला २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कथासंग्रहाला हा मान प्रथमच लाभला. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मी-निम्मी विभागली गेली.

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारख्या बहुभाषिक वसाहतीत एखाद्या मंडळाला कथा-पुरस्कार सुरू करायचा असेल, तर मोठ्या निधीची आवश्यकता नाही. नियम आधी लेखी जाहीर करावेत, परीक्षक बाहेरचे असावेत आणि दात्याने निवडीपासून दूर राहावे. याशिवाय विजेत्या पुस्तकाच्या पन्नास प्रती विकत घेऊन त्या दिवाळीला ग्राहकांना, आप्तांना भेट म्हणून द्याव्यात. शाल आणि श्रीफळ लेखकाच्या घरी जाते. त्या पन्नास प्रतींमुळे कथा पन्नास घरांत वाचली जाईल.